जमिनीलगतचं उड्डाण आणि तारा

"पिकावर औषध फवारणारं हेलिकॉप्टर इतक्या खालून उडतं, पडलं तरी काय होणार?" असं एकाने विचारलंय. उलट आहे. इंजिन बंद पडल्यावर वाऱ्यावर पंखा फिरता ठेवून उतरायला उंची तरी हवी, नाहीतर वेग. पिकाच्या वर ३-४ मीटरवर, वळणात वेग गेलेला असताना दोन्ही नसतात.

खरा घात तारांचा. मराठवाड्यात शेतपंपांच्या ११ केव्ही (११ हजार व्होल्टच्या) लाइनी बांधाबांधाने जातात आणि विहिरीकडे जाणारा तारेचा फाटा तर ज्वारीत किंवा उसात दिसतच नाही. म्हणून तार शोधायची नाही, खांब शोधायचे. ओलांडायचं तेही खांबाच्या माथ्यावरून. आधी पायी फिरून शेतमालकाकडून फाटे, ताणतारा (खांबाला आधार देणाऱ्या तिरक्या तारा) नकाशावर मांडून घ्याव्यात. उन्हाळ्यात चाळिशीपार तापमानात हवा विरळ होते, ताकद घटते. तेव्हा औषधाची टाकी पूर्ण भरू नये.