मदत हवी आहे: 'लेयर'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, मी पारोळ्याचा. भाची नववीला आहे, तिला इंग्रजी शब्दांची वही करून देतोय आणि 'लेयर'वर दोन दिवसांपासून अडकलोय. आधी सरळ 'थर' लिहिलं, पण मग लक्षात आलं की मातीचा, धुळीचा, ओझोनचा थर ठीक आहे, पण पोळीला आपण पदर म्हणतो, कांद्याला पापुद्रा, आणि भिंतीला रंगाचा दुसरा हात देतो, थर नाही (हा 'हात' तर मला फार आवडतो, तो वहीत हवाच). थंडीत एकावर एक कपडे घालतो त्याला इंग्रजीत लेयरिंग, आणि डाळिंबाची गुटी बांधतो तेही एअर लेयरिंगच! फांदीची साल गोल काढून ओलं शेवाळ बांधलं की मुळं फुटतात, त्यात थर कुठेय? पोल्ट्रीतली लेयर म्हणजे अंडी देणारी कोंबडी, ती 'ले' म्हणजे अंडी घालणे यावरून, एवढं कळलं.

तर जाणकारांनी सांगा, हे सगळे अर्थ एकाच नोंदीत द्यावे का कोंबडीची वेगळी नोंद करू? आणि अहिराणीत पोळीच्या पदराला तुमच्या गावात काय म्हणतात, तेही सांगा, आजीला विचारून सांगितलं तरी चालेल.