नुसत्या कॅल्शिअमच्या गोळीवर विसंबू नका

वडिलांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दर ३ महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन सुरू आहे, हाडांसाठी कॅल्शिअमची गोळी पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. एकट्या गोळीने भागत नाही, हे आम्ही बाबांच्या वेळी जरा उशिराच शिकलो. या इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली आणलं की त्यापासून बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोनही घटतं, आणि पुरुषांची हाडं टिकवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. झीज पहिल्या वर्षातच सुरू होते. दुखत मात्र काहीच नाही.

आधी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करा. त्यात येणारा आकडा, टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. सोबत रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पावडर किती आठवडे घ्यायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, शेजारच्या काकांना नको.

डॉक्टरांनी हाडांची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुचवलं, तर अगोदर दातांच्या डॉक्टरांकडे जा. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. बाबांची हलणारी दाढ आम्ही आधीच काढून घेतली. आणि डेनोसुमॅब मनानं बंद करू नका, मणके मोडू शकतात.

बाकी नाचणीची भाकरी, रोजचं चालणं, खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणं. बाबा पहिल्या दिवशी तिसऱ्यालाच "बस झालं" म्हणाले होते! बाथरूमजवळचं सरकणारं पायपुसणं तेवढं आजच उचला.