मदत हवी आहे: ज्योत्स्नाबाईंच्या जुन्या तबकडीवर कॉपीराइटचा दावा आलाय

नमस्कार मंडळी,

कॉपीराइटचा कायदा जाणणारं कुणी इथे असेल तर कृपया वाट दाखवा. दहा दिवस यातच अडकले आहे.

सांगलीच्या मामाकडे ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचा मोठा साठा होता. तो गेल्यावर मामीने सगळा माझ्याकडे दिला. बहुतेक नाट्यपदं, थोडी भावगीतं. बालगंधर्वांची पदं थिएटरात वन्समोअर घेत कितीतरी वेळ चालायची, पण तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची. एवढ्यात गाणारा काय ठेवतो, काय सोडतो, हे ऐकायचं मला वेडच लागलं. त्यावर मी छोटे व्हिडिओ करते. बोलते मीच, मधे वीस-तीस सेकंदांचा तुकडा ऐकवते. यातून एक पैसा मिळत नाही.

माझा सगळ्यात लाडका आवाज ज्योत्स्नाबाई भोळ्यांचा. हिराबाई बडोदेकर आणि माणिक वर्माही खूप आवडतात, पण ज्योत्स्नाबाई शब्द ज्या मोकळेपणाने टाकतात तसं मला दुसरीकडे ऐकायला मिळत नाही. ‘कुलवधू’ (१९४२) नाटकातलं ‘बोला अमृत बोला’ घ्या. भैरवी आहे, हरकतींचा (सुरांच्या छोट्या नक्षीचा) मोह कुणालाही पडेल. त्या मात्र आधी शब्द नीट पोचवतात आणि मगच सूर फुलवतात. मामा ही तबकडी लावायचा तेव्हा घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही.

याच पदावरच्या माझ्या व्हिडिओवर एका कंपनीचा दावा आला आणि तुकड्यांपुरता आवाज बंद झाला. आता मी नुसतीच बोलतेय आणि जे ऐकवायचं तेच गायब! फार वाईट वाटलं.

मला कळलंय ते असं. १९५७च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. माझी तबकडी चाळीसच्या दशकातली आहे. म्हणजे अगदी १९४९ची धरली तरी २००९ अखेर तो हक्क संपला. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. शब्द मो. ग. रांगणेकरांचे, ते १९९५ साली गेले, म्हणजे २०५५ अखेरपर्यंत. चाल मास्टर कृष्णरावांची, ते १९७४ साली गेले, म्हणजे २०३४ अखेरपर्यंत. नाटककार कृ. प्र. खाडिलकरांच्या पदांचं सोपं आहे, ते १९४८ साली गेले, त्यामुळे त्यांचे शब्द मोकळे झालेत. रांगणेकरांच्या वारसांचा हक्क मला मान्य आहे, तो डावलायची अजिबात इच्छा नाही. गीतकार-संगीतकारांना २०१२च्या दुरुस्तीपर्यंत रॉयल्टीसाठी किती झगडावं लागलं ते वाचलंय.

माझी अडचण अशी की दावा शब्दांवर किंवा चालीवर नाही, ‘ध्वनिमुद्रणावर’ आहे. मला वाटतं, त्यांनी हेच मुद्रण अलीकडे साफसूफ करून पुन्हा काढलं असावं आणि यंत्राने माझा तुकडा त्याच्याशी जुळवला असावा. मी तर माझ्या तबकडीवरून, माझ्या सुईने उतरवलंय, खरखर तशीच आहे. खरखर काढून पुन्हा प्रकाशित केलं की नवी ६० वर्षं सुरू होतात का? आणि झाली तरी ती मूळ तबकडीला लागू होतील का? कुणाला अनुभव असेल तर हे आधी सांगा, बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

दुसरं, कलम ५२मध्ये समीक्षेसाठी केलेल्या रास्त वापराला सूट आहे. गायकीवर बोलताना वीस सेकंद ऐकवणं त्यात बसावं असं मला वाटतं. दाव्याला उत्तर देताना मुद्रणाची मुदत संपल्याचं लिहू, की हे कलम, की दोन्ही? एकाच उत्तरात दोन कारणं दिली तर बाजू कमकुवत होते का?

शिवाय लेबलावर नंबर आहे, साल नाही. तबकडीचं साल सिद्ध करायला कागद कुठे मिळेल? संग्राहकांकडे कंपन्यांचे जुने कॅटलॉग असतात असं ऐकलंय. पुण्या-मुंबईत कुणाकडे चाळीसच्या दशकातला असेल तर मी येऊन बघेन, फक्त एका पानाचा फोटो हवाय.

दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो तयार आहेत, सांगाल तर खाली टाकते.