अनुभव धागा: आमचं आर्ट कॉलेज (सरकारी नव्हे, खाजगी)

मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टबद्दल भरपूर लिहिलं जातं आणि लिहायलाच हवं, १८५७ पासूनची संस्था आहे ती. पण आपल्या शाळेतले ड्रॉइंगचे सर, गावातला साइनबोर्ड रंगवणारा, गणपतीच्या कारखान्यातला मुख्य माणूस, यांना विचारा कुठे शिकलात, बऱ्याचदा उत्तर येतं एखाद्या खाजगी आर्ट कॉलेजचं, ज्याचं नाव जिल्ह्याबाहेर कुणाला माहीत नसतं. मला ते मनापासून लागतं. म्हणून हा धागा.

थोडा इतिहास मीच सांगून ठेवतो. ही परंपरा चांगली शंभर वर्षांहून जुनी आहे. सावंतवाडीकडचे सावळाराम हळदणकर, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ते दिव्याच्या उजेडातल्या बाईचं जलरंगातलं चित्र ज्यांचं (अजूनही लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, मॉडेल म्हणून हळदणकरांची मुलगी गीता उभी होती), त्यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची संस्था काढली होती. कोल्हापुरात दत्तोबा दळवींनी काढलेलं दळवीज, पुण्यात टिळक रोडचं अभिनव, कोकणात सावर्ड्याचं सह्याद्री, सावंतवाडीचं बांदेकर, अशी यादी वाढत जाईल. १९६५ ला कला संचालनालय झालं आणि मग ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा), जी.डी. आर्ट (कलेचा सरकारी डिप्लोमा) या सगळ्यांच्या परीक्षा त्यांच्याकडे गेल्या, म्हणजे शिकवणार संस्था आणि तपासणार सरकार. त्यामुळे इमारत पडकी असली तरी पेपर सगळ्यांना सारखाच. हे मला फार मोठं वाटतं.

आता तुमचं येऊ द्या. इमारत, सर, मॅडम, वास, भांडणं, काय आठवेल ते.

ओला_कागद (कोल्हापूर)

मी लिहिते. आमच्या घरात मुलीनं चित्रकार व्हायचं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, पण ए.टी.डी. केलं की शाळेत नोकरी लागते एवढं वडिलांना पटलं होतं, म्हणून मला पाठवलं. तोपर्यंत शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या, बी ग्रेड, बास.

पहिल्या पावसाळ्यानंतर सरांनी पंचगंगा घाटावर नेलं. सकाळचे साडेसहा, थंडी, बोर्ड मांडीवर. आम्ही सगळे पेन्सिलीनं देवळं काढत बसलो, एकेक दगड मोजून. सर मागे उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत, मग माझ्या शेजारी पायरीवर बसले, त्यांचा बोर्ड थोडा तिरका धरला आणि अख्ख्या कागदावर स्पंजनं पाणी मारलं. मला वाटलं आता चित्र काढणार कशावर. मोठ्या फ्लॅट ब्रशनं वरून कोबाल्ट ब्लू सोडला, खाली येता येता त्यात यलो ऑकर, आणि ते दोन रंग आपले आपण एकमेकांत उतरले, धुकं झालं. कागद अर्धवट सुकेपर्यंत हात बांधून बसले. मग देवळांची काळपट बाजू एका दमात, आणि जिथे ऊन लागलं होतं तिथे काहीच नाही, कोरा कागद. मी म्हटलं सर, इथे पांढरा लावायचा राहिला. तर म्हणाले, "बाळ, पांढरा कागदानं आधीच लावलाय, तू फक्त तो सोडायला शीक."

आज तीस वर्षं शाळेत शिकवतेय, दर वर्षी सातवीच्या वर्गात हे वाक्य सरांचं म्हणून सांगते.

आणि कोल्हापुरात शिकायचं म्हणजे नुसतं कॉलेजात नाही. रंकाळ्यावर गेलं की कुणीतरी म्हणणार इथे चित्रकार आबालाल रहिमान बसायचे, तळ्यातल्या संध्यामठाचं चित्र त्यांनी किती वेळा काढलं. शाहू महाराज १९२२ ला गेले तेव्हा आबालालनी दुःखानं आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थ तळ्यात सोडली अशी गोष्ट आम्हाला सीनियर मुलांनी तळ्याकाठीच सांगितली होती, आणि आम्ही खरंच पाण्यात वाकून बघितलं होतं. बाबूराव पेंटर तर कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेलेच नाहीत, नाटकाचे पडदे रंगवत रंगवत सिनेमाचा कॅमेरा बनवण्यापर्यंत पोचले. सर सांगायचे, हे सगळे आपल्याच पेठांमधून चालत गेलेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळलं त्या रात्री आमच्या बॅचचा ग्रुप पहाटेपर्यंत जागा होता, कुणी काही टाइप करत नव्हतं, नुसते जुने स्केचेस टाकत होते, कारण त्या इमारतीचं पर्स्पेक्टिव्ह प्रत्येकानं कधी ना कधी काढलेलं.

टी_स्क्वेअर (पुणे, कमर्शियल)

आम्ही कमर्शियलवाले, म्हणजे आताचं अप्लाइड आर्ट. कॉम्प्युटर यायच्या जरा आधीची बॅच. अक्षरं हातानं. बटर पेपरवर आधी काढायची, उलट बाजूनं पेन्सिल घासायची, बोर्डावर ट्रेस करायची, मग रुलिंग पेननं कडा आणि आत पोस्टर कलर. तो फ्लॅट पॅच! रंग जरा घट्ट झाला की ब्रशच्या रेघा, जरा पातळ झाला की खालचा कागद दिसणार. पहिलं पूर्ण वर्ष त्यातच गेलं असं म्हटलं तरी चालेल. एक मॅडम बोर्ड खिडकीशी तिरका धरून बघायच्या, रेघ दिसली की परत. मला एकच 'क' अकरा वेळा करायला लावला. तेव्हा रडलोय. पण आज स्क्रीनवर फॉन्ट बघताना 'क' च्या पोटातली जागा चुकली की माझं लक्ष आपोआप तिथे जातं, ती नजर त्या अकरा वेळांची आहे.

लेट्रासेट, म्हणजे घासून कागदावर उतरवायची तयार अक्षरं, परवडायचं नाही. एक शीट चौघांत, आणि त्यातला 'a' सगळ्यात आधी संपायचा, मग 'd' ची दांडी ब्लेडनं उडवून त्याचा 'a' करायचा.

जांभा (कोकण)

आमच्याकडे जून ते सप्टेंबर वॉटरकलर सुकायचाच नाही. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मावशी चुलीच्या वर दोरी बांधून द्यायच्या, त्यावर आमच्या शीट्स, चिमट्यांनी लटकवलेल्या. माझ्या सगळ्या फर्स्ट इयरच्या कामाला धुराचा वास आहे, अजून आहे. मुंबईत असतो आता पण कपाट उघडलं की कॉलेज.

मेमरी_ड्रॉइंग

मला मॉडेल म्हणून बसणाऱ्या आजोबांबद्दल लिहायचंय. नाव लिहीत नाही. एरवी शेंगदाणे विकायचे. वीस मिनिटं पोझ, पाच मिनिटं विश्रांती, आणि उठायच्या आधी त्यांच्या पावलांभोवती आम्ही खडूनं रेघ मारायचो, परत तिथेच पाय ठेवता यावेत म्हणून. नवीन मुलं ती रेघ मारायची, पण आजोबांना तिची गरजच नव्हती. इतकी वर्षं बसत होते की विश्रांतीत आमच्या डाँक्यांमधून (ज्यावर बसून ड्रॉइंग करतात ती बाकडी) फिरायचे, प्रत्येकाचं काम बघायचे. एकदा माझ्यामागे थांबले आणि म्हणाले, "डावा खांदा वर घेतलायस. माझा तो खाली असतो, पाटी उचलून उचलून." मी बघितलं, खरंच खाली होता. दोन दिवस मी चुकीचा खांदा रंगवत होतो आणि सरांच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्यांना रोजाचे पैसे फार थोडे मिळायचे. हे तेव्हा जाणवलं नाही याचं आज वाईट वाटतं.

विनाअनुदानित

सगळे गोड आठवणी लिहितायत, मी दुसरी बाजू लिहितो. मी विद्यार्थीही होतो आणि नंतर मराठवाड्यातल्या एका कॉलेजात नऊ वर्षं शिकवलं, नाव नको. विनाअनुदानित. पगार दोन-तीन महिन्यांनी, तोही अर्धा, बाकीचा "ग्रँट आली की". ग्रँट आली नाही. स्टिल लाइफची भांडी मी घरून न्यायचो, आईचा तांब्याचा हंडा तिथेच राहिला शेवटी. मुलं मात्र अशी मिळायची की सोडवत नव्हतं, पंचवीस किलोमीटरवरून एस.टी.नं येणारी, बोर्ड टपावर टाकून. मुलं कमी कमी होत गेली आणि एके वर्षी प्रवेशच झाले नाहीत. चाव्या देऊन आलो.

परीक्षेतलं एक सांगतो, मी प्रत्येक बॅचला सांगायचो. स्टिल लाइफ लांबलं की केळं काळं पडतं, वांगं सुरकुततं. म्हणून केळं आधी, मग वांगं, कापड, आणि तांब्या शेवटी. तांब्या कुठे जात नाही.

ओला_कागद (कोल्हापूर)

@विनाअनुदानित सर, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. आईचा हंडा परत आणता येईल का बघा ना, कुलूप असलं तरी संस्थेत कुणीतरी असेलच.

केळं आधी हे आम्हालाही असंच सांगितलं होतं! फक्त आमच्याकडे केळ्याच्या आधी फूल असायचं. जास्वंद ठेवली की संध्याकाळपर्यंत मिटते, त्यामुळे पहिला तास फक्त तिचा.

टी_स्क्वेअर (पुणे, कमर्शियल)

@विनाअनुदानित, कॉलेज कुठल्या तालुक्यात आहे ते व्यनि (खाजगी निरोप) करा. पुढच्या महिन्यात लातूरला जातोय, गाडी घेऊन. हंडा केवढा आहे?