अंदमानात आपलाच चितळ परका कसा?

गोदाकाठची (गंगापूर रोड)
दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जाऊन आलो. पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटावर चितळ अगदी अंगाशी येतात. एकाने लेकाच्या हातातलं खोबरं उचललं, तळहाताला ती खरखरीत जीभ लागली आणि पोरगा हरखूनच गेला. परतताना बोटवाले दादा म्हणाले, "ताई, हे जनावर इथलं नव्हे. कोवळं जंगल खाऊन टाकतंय." मनाला लागलं ते. चितळ तर आपल्याच देशातला, मग परका कसा?

शेततळंवाला (सिन्नर)
ताई, देश एक असला तरी मधे हजार किलोमीटरच्या वर समुद्र आहे. चितळ तिथे स्वतःहून गेला नाही, इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीसाठी नेऊन सोडला. तिथे ना वाघ, ना बिबट्या. उगवलेलं रोप वर यायच्या आतच खुडलं जातं.

पण मला खरा छळतो तो बेडूक. मृगाच्या सरी पडल्या की आपल्या डबक्यांत पिवळाधमक होऊन ओरडतो ना, तोच. मी शेततळ्यात रोहू-कटला मासे करतो. बीज, म्हणजे माशांची पिल्लं, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून येतं. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची, आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं झालं की तोंड सोडायचं. तीन वर्षांपूर्वी एक पिशवी आधी पांढऱ्या टबात ओतून बघितली. बोटुकल्यांमध्ये, म्हणजे बोटाएवढ्या मासोळ्यांमध्ये, सात-आठ जाड डोक्याची, काळपट पिल्लं शेपट्या वळवत होती. बेडकाची! माझं काही बिघडलं नाही, बेडूक इथलाच. अंदमानच्या तळ्यांत मात्र मुख्य भूमीवरून माशांचं बीज गेलं आणि त्याच्यासोबत हीच पिल्लं गेली. ती मांसाहारी असतात. तिथल्या दोन स्थानिक बेडकांच्या पिल्लांसोबत ठेवून प्रयोग केला, त्याचा निष्कर्ष 2019 साली आला: स्थानिकांपैकी एकही वाचलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक पिशवी टबात बघितल्याशिवाय तळ्यात सोडत नाही.

पाणकावळा (निफाड)
शेततळंवाल्या दादांनी बेटावरचं सांगितलं, पण परक्या जनावराचं नुकसान समुद्राच्या पाण्याखालीही पोहोचतं. नांदूरमध्यमेश्वरला पाणकावळे बसतात त्या झाडांची पानं विष्ठेने पांढरी झालेली असतात, बघितलीत का? ते खत आहे. हिंदी महासागरात चागोस नावाची बेटं आहेत. काहींवर जुन्या काळी जहाजांतून उंदीर उतरले आणि समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करत सुटले. उंदीर असलेली 6 आणि नसलेली 6 बेटं शास्त्रज्ञांनी ताडून पाहिली, 2018 साली. उंदीर नसलेल्या बेटांवर पक्ष्यांची दाटी 760 पट निघाली, आणि लगतच्या प्रवाळांवर माशांचं एकूण वजन 48 टक्के जास्त! पक्षी खातात दूर खोल समुद्रात, विष्ठा टाकतात बेटावर. त्यातला नायट्रोजन वाहत प्रवाळापर्यंत जातो, त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळावर मासे. उंदरांनी पक्षी खाल्ले की ही सगळी साखळीच तुटते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर डोक्यातून जाईना.

गोदाकाठची
दोघांचेही मनापासून आभार. लेकाला दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. आमच्या घरी लाल कानपट्टीचं कासव आहे. आणलं तेव्हा रुपयाएवढं होतं, आता टाकीत मावत नाही. येत्या रविवारी रामकुंडात सोडायचं ठरलं होतं, अगदी हळद-कुंकू वाहून. ते मूळचं अमेरिकेतलं, हे विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. आता नाही सोडत. त्याला किती फुटांची टाकी लागेल, कोणी सांगाल का?