अनोळखी ग्राहकांना पाठवलेले ईमेल स्पॅममध्ये जातात, काय करू?

प्रश्न: भाषांतराची कामं मिळवायला प्रकाशकांना ईमेल पाठवते. माझं डोमेन (ईमेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव) नवीन आहे. माझ्याच जीमेलवर पाठवून पाहिलं, तर थेट स्पॅममध्ये! मजकूर बदलून पाहिला, फरक नाही.

उत्तर १: मजकुराला नंतर हात लावा. स्पॅममध्ये गेलेला ईमेल जीमेलमध्ये उघडून मेनूतलं 'शो ओरिजिनल' बघा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क (ईमेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय का, हे तपासायच्या पद्धती) या तिन्हींपुढे 'पास' दिसतंय का?

प्रश्नकर्ती: एसपीएफला 'पर्मएरर' येतंय.

उत्तर १: म्हणजे एसपीएफची नोंदच चुकीची आहे. डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंग्ज जिथे असतात तिथे) एसपीएफच्या, म्हणजे तुमच्या नावाने ईमेल कोण पाठवू शकतं ते सांगणाऱ्या, दोन नोंदी आहेत का ते आधी तपासा. वेबसाइटवाल्याची एक आणि ईमेल सेवेची दुसरी, असं फार वेळा होतं. एका डोमेनला एकच नोंद चालते, दोन्ही सेवांची नावं सांगणारे 'इन्क्लूड' तिच्यातच घाला. ती नोंद तपासताना लागणारे डीएनएस लुकअप (शोध) १० च्या वर गेले तरी हाच एरर येतो. डीमार्क सध्या 'पी=नन' (नापास ईमेलवर कारवाई नको) ठेवा.

उत्तर २: आणि ईमेल कोणी उघडला ते मोजणारं ट्रॅकिंग बंद करा. त्यासाठी ईमेलमध्ये घातलेल्या लिंकचं डोमेन बऱ्याचदा शेकडो लोक वापरतात, त्यांची बदनामी तुमच्या माथी येते. ईमेल पत्त्यांची विकतची यादी तर नकोच.

उत्तर १: अगदी बरोबर. जीमेलला स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याखाली हवं असतं, ०.३ म्हणजे धोका. तुमच्यासारख्या थोडे ईमेल पाठवणाऱ्यांना दोन-चार तक्रारीही महाग पडतात. म्हणून रोज मोजकेच पाठवा, प्रत्येक प्रकाशकाची पुस्तकं बघून लिहा. उत्तरं येऊ लागली की डोमेनची पत आपोआप वाढते.

प्रश्नकर्ती: दोन नोंदी होत्या! एक केली, आता 'पास' येतंय. ट्रॅकिंगही काढते.