मदत हवी आहे: क्रूझवर लॉबस्टरसाठी जादा पैसे मोजावेत का?

डिसेंबरमध्ये मायामीहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ आहे. सोबत आई-बाबा. आई मूळची मालवणची, शेवंड (आपल्या कोकणातला लॉबस्टर) तिच्या जिवाभावाची. म्हणून यात कंजूषी करायची नाहीये, पण पैसे वायाही जायला नकोत.

एवढं समजलंय की अशा क्रूझवर मुख्य डायनिंग रूममध्ये बहुधा एका फॉर्मल रात्री (नटूनथटून जेवायला जायची रात्र) लॉबस्टर टेल, म्हणजे शेपटीचा मांसल भाग, तिकिटातच मिळते. इतर दिवशी हवं असेल तर जादा पैसे, आणि जहाजावरच्या खास (स्पेशॅलिटी) रेस्टॉरंटचं शुल्क वेगळंच. वर १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज!

माझी खरी अडचण चवीची आहे. फुकटातली टेल सहसा उष्ण पाण्यातल्या, नांग्या नसलेल्या लॉबस्टरची असते, म्हणजे आपल्या शेवंडीच्याच जातकुळीतली. अमेरिकेच्या मेन राज्यातला थंड पाण्यातला लॉबस्टर वेगळा: नांग्यांतही मांस, आणि ते जास्त मऊ, गोडसर. पण टेल फ्रोझन असेल आणि शेकडो ताटांसाठी एकदम शिजवली असेल, तर रबरासारखी चिवट होते. आईला ते एका घासात कळेल.

ज्यांनी पैसे भरून खाल्लाय त्यांनी कृपया सांगा: फुकटातल्यापेक्षा तो खरंच ताजा आणि नीट शिजवलेला होता का? की तेच पैसे मेक्सिकोतल्या कोझुमेलला किंवा फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ला उतरल्यावर एखाद्या चांगल्या ठिकाणी खर्च करावेत? तिथली खात्रीची जागा माहीत असेल तर तीही सांगा. लोण्याऐवजी थोडं तिखट करून देतात का, हेही कळलं तर फार बरं होईल.